चार पौंड हवा

चैत्र सरता सरता चिखलीच्या जालना रस्त्यावरील पंक्चरच्या दुकानांपुढे एक विधी प्रतिवर्षी सुरू होतो. एखादी अल्टो, वॅगनआर, क्वचित अजून तग धरून राहिलेली मारुती आठशे येऊन उभी राहते, मालक काच खाली करून "ऊन लई तापून राह्यलं, चार पौंड काढून टाक" असे फर्मावतो, आणि दुकानातला पोरगा व्हॉल्व्हची पिन दाबून ते फर्मान तत्काळ अमलात आणतो. समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी टप्पा 11 डिसेंबर 2022 रोजी खुला झाल्यापासून तर, सिमेंटच्या रस्त्यावर टायर फुटतात, सबब हवा कमीच बरी, अशी नवी सनद या समजुतीस मिळाली आहे. सुशिक्षित, इतकेच नव्हे तर विज्ञान शिकविणारे इसमही हे निःशंकपणे सांगतात, तेव्हा मात्र माझा संयम सुटतो.

टायर उन्हाने तापतो हे खरे. परंतु त्याचा घात करणारी उष्णता प्रामुख्याने त्याच्या स्वतःच्या वाकण्यातून निर्माण होते. अल्टो आठशेच्या बारा इंची रिमवरील चाकाचा व्यास जेमतेम 537 मिलिमीटर. म्हणजे किलोमीटरभर जाण्यास ते सुमारे 600 फेरे घेते, आणि ताशी 100 च्या वेगाने तासाभरात साठ हजारांच्या घरात. प्रत्येक फेऱ्यात जमिनीस टेकणारा भाग दबतो नि सुटतो. हवा जितकी कमी, तितकी टायरची बाजू अधिक दुमडते, रबर आणि आतील धाग्यांचे घर्षण वाढते, आणि त्या तापाने थर एकमेकांपासून सुटू लागतात.

"पण गेजवर हवा वाढलेली आम्ही डोळ्यांनी पाहतो ना!" ही कैफियत मी असंख्य वेळा ऐकली आहे. वाढतेच, वायूचा तो धर्मच आहे. 30 अंश तापमानात 30 पौंड भरलेली हवा टायर 60 अंशांपर्यंत तापल्यावर सुमारे 34 दाखवील. ही वाढ टायर बनविणाऱ्याने आधीच हिशेबात धरलेली असते, आणि टायर फुटण्यास लागणारा दाब याहून कितीतरी पट अधिक असतो. आता घाटाखालून, खामगावाहून, परतलेला गृहस्थ तापल्या टायरातून हे चार पौंड काढून समाधानाने घरी जातो. पहाटे टायर थंड झाल्यावर गेज लावावे: 26.

हा 26 चा आकडा कुप्रसिद्ध आहे. अमेरिकेत फोर्ड एक्सप्लोरर गाडीसाठी कंपनीने 26 पौंडांचीच शिफारस केली होती; फायरस्टोनच्या टायरांतही दोष होता, आणि थर सुटण्याचे प्रकार उष्ण राज्यांत, टेक्सास-फ्लोरिडात, विशेष घडले. ऑगस्ट 2000 मध्ये सुमारे 65 लाख टायर परत मागवावे लागले. त्याच देशाच्या महामार्ग सुरक्षा खात्याने 2012 साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीप्रमाणे, शिफारशीहून पाव हिश्श्यापेक्षा अधिक हवा कमी असलेल्या गाड्यांत टायरच्या बिघाडाशी निगडित अपघाताचा संभव तिप्पट आढळला.

इतक्या दूर जाण्याचेही कारण नाही. गतवर्षी शेजाऱ्यांच्या अल्टोचा एक टायर पंक्चरवाल्याने माझ्यासमोर रिमवरून उतरविला, तेव्हा आतून मूठभर काळा भुगा निघाला, आणि बाजूवर चौफेर, बांगडीसारखी, एक घडी पडलेली दिसली. वरची नक्षी जवळजवळ नवी होती! शेजारी म्हणाले, "ऊनच तसं होतं." मी काय बोलणार?

हवा किती हवी, हे चालकाच्या दाराजवळ चिकटविलेल्या तक्त्यावर लिहिलेले असते; ती सकाळी, गाडी निघण्यापूर्वी मोजावी. टायरवर कोरलेला दाब ही कमाल मर्यादा आहे, भरण्याचे प्रमाण नव्हे. नायट्रोजनने टायर गार राहतो म्हणणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे की फुकटच्या हवेतही तो 78 टक्के असतोच. नक्षी शिल्लक म्हणून टायर शाबूत ठरत नाही. बाजूवरील 2319 अशा चार अंकांत त्याची जन्मतारीख, 2019 चा तेविसावा आठवडा, नोंदलेली असते. आणि दोनच नवे टायर घेणे परवडत असेल, तर ते पुढे नव्हे, मागे बसवावेत. ओल्या रस्त्यावर मागील चाके सुटली की गाडी गरकन फिरते.

शेजाऱ्यांनी त्या दिवशी डिकीतली स्टेपनी काढून बसविली. पोरग्याने गेज लावले, आणि काही न बोलता कॉम्प्रेसर सुरू केला. तिच्यात अकरा पौंड हवा होती.