आधी डिपस्टिक, मग प्रवास: उज्जैनच्या वाटेवर मिळालेला धडा



१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. बोटी वर काढलेल्या, जाळी घरात. म्हणून यंदा जूनमध्ये संस्थेतले आम्ही सहाजण एका सभासदाच्या गाडीने उज्जैनला निघालो. महाकाळाचं दर्शन, शिप्रेवर रामघाटाला स्नान, संध्याकाळची आरती, असा बेत. गाडीत दोन नाखवा, एक तांडेल, एक बोटीवरचा ड्रायव्हर. म्हणजे इंजिनाजवळ आयुष्य गेलेली माणसं. तरी जे व्हायचं ते झालंच. लपवून काही उपयोग नाही, म्हणून लिहितोय.

धुळ्याच्या अलीकडे रस्त्याचं काम चालू होतं. कच्च्या रस्त्यावर गाडीला खालून दगड लागला. उतरून बघितलं, पण वरवर. रात्री धुळ्यात मुक्काम केला. सकाळी गाडीखाली ताटलीएवढा काळा डाग. एकजण म्हणाला, "एसीचं पाणी असेल." एसीचं पाणी काळं असतं का? पण वाकून बोट कोणी लावलं नाही.

पुढे बिजासन घाट लागला. वळणावर ऑइलचा लाल दिवा लुकलुकायचा, सरळ रस्ता आला की विझायचा. "वायर ढिली असेल," यावर सगळ्यांचं एकमत झालं. इंदूर येईपर्यंत इंजिनाच्या खालच्या बाजूने जड आवाज सुरू झाला, टक टक टक. रेस वाढवली की आवाजही वाढे. पंपावर थांबून लिटरभर ऑइल ओतलं. दिवा गेला, आवाज राहिला. उज्जैन तिथून पंचावन्न किलोमीटरच्या आसपास. "आता आलोच की," म्हणून निघालो.

रामघाटाकडे वळणाऱ्या रस्त्यावर गाडीने हिसका दिला आणि इंजिन जाम झालं. मेकॅनिकने खालचं चेंबर काढलं. त्याला बारीक चीर गेलेली. उरलेल्या ऑइलात धातूचा चकाकणारा कीस. कनेक्टिंग रॉडची बेअरिंगं खरवडलेली, क्रँकवर चरे. खर्च सहाजणांच्या यात्रेच्या कितीतरी पट.

संध्याकाळी रामघाटाच्या पायऱ्यांवर बसलो होतो. समोर शिप्रेची आरती चालू. आमचा तांडेल बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "नाखवा, इथं पायाखाली पायरी आहे. हेच वीस वाव पाण्यात झालं असतं तर?" कोणाला उत्तर सुचलं नाही.

दिवा वळणावरच का लागला?

ऑइल चेंबरच्या तळाला असतं. पंप ते ओढून दाबाने बेअरिंगपर्यंत पोचवतो. पातळी उतरली की चढावर किंवा वळणावर उरलेलं ऑइल एका बाजूला सरकतं आणि पंप हवा ओढतो. क्रँक आणि बेअरिंगमध्ये ऑइलचा पातळ थर असतो. तो तुटला की धातू धातूवर घासतो, बेअरिंग झिजून फट पडते आणि रॉड त्या फटीत आपटतो. तोच टक टक आवाज. वरून ऑइल ओतल्याने झिजलेली बेअरिंग भरून येत नाही.

आणखी एक गोष्ट. लाल दिवा ऑइल किती आहे ते सांगत नाही, दाब पडल्याचं सांगतो. म्हणजे तो लागतो तेव्हाच उशीर झालेला असतो. घाटात गाडी कलते, तशी लाटेवर बोट कलते. बंदरात सुई बरोबर आणि बाहेर लाटेवर खाली येते, तर मीटरला दोष देण्याआधी इंजिन बंद करून डिपस्टिक ओढा.

१ ऑगस्टच्या आधी एवढं कराच

१. बोट शांत पाण्यात असताना, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी डिपस्टिक पुसून पुन्हा घाला आणि बघा. ऑइल दोन खुणांच्या मध्ये हवं. वरच्या खुणेपेक्षा जास्तही भरू नका.

२. ऑइल दुधासारखं दिसलं तर त्यात पाणी शिरलंय. पातळी आपोआप वाढली तर पाणी किंवा डिझेल मिसळतंय. इंजिन चालू करू नका.

३. इंजिनाखालचं पाणी उपसताना त्यावर ऑइलचा तवंग दिसतो का ते बघा. ड्रेन बोल्ट, फिल्टर, टॅपेट कव्हरचं पॅकिंग आणि क्रँकचं सील तपासा.

४. धूर निळा असेल तर ऑइल आतच जळतंय.

५. प्रेशर मीटर आणि बझर चालू आहे ना, खात्री करा. बझर कटकट करतो म्हणून वायर तोडलेली असेल तर आजच जोडा.

६. प्रत्येक फेरीला किती ऑइल टाकलं ते वहीत लिहा. आकडा वाढू लागला की इंजिन काहीतरी सांगतंय.

समुद्रात दाब पडला किंवा खालून जड आवाज आला, तर "बंदर आलंच" म्हणू नका. आजूबाजूला वाहतूक नाही हे बघून इंजिन बंद करा, नांगर टाका, सोबतच्या बोटीला कळवा. धोका वाटला तर व्हीएचएफ चॅनल १६ किंवा कोस्ट गार्डचा १५५४ हा नंबर. टोइंगचं भाडं इंजिनापेक्षा स्वस्त पडतं, आणि माणसाची तर किंमतच होत नाही.

२०२८ ला उज्जैनला सिंहस्थ आहे. आपल्यातले बरेचजण गाडीने जातील. जरूर जा. फक्त रोज सकाळी गाडीखाली वाकून बघा. आम्ही सहाजण वाकलो नाही.

आपल्या खलाशांपर्यंत आणि बोटीवरच्या ड्रायव्हरपर्यंत ही पोस्ट पोचवा.

– सचिव