काचेच्या नळीतली वीस मिनिटं

निमोणे, न्हावरे हा शिरूर तालुक्यातला ऊसपट्टा. फडात उंदीर, उंदरांच्या मागावर घोणस आणि तिथंच तोडणीला वाकलेली माणसं. दंश झालेला रुग्ण दवाखान्यात येतो तेव्हा साप बहुतेकदा कुणी नीट पाहिलेला नसतो. विष अंगात गेलंय की नाही, हे आधी ठरवायचं असतं.

ते ठरवते एक साधी काचेची नळी. शिरेतलं दोन मिलिलिटर ताजं रक्त नव्या, स्वच्छ, कोरड्या नळीत घ्यायचं, वीस मिनिटं अजिबात न हलवता ठेवायचं, मग नळी तिरकी करायची. रक्त पातळच राहिलं तर घोणस किंवा फुरशाच्या विषाची दाट शक्यता. घोणशीच्या विषातली प्रथिनं रक्त गोठवणाऱ्या घटकांना, विशेषतः पाचव्या आणि दहाव्याला, एकदम कामाला लावतात. घटक भराभर खर्च होतात आणि गोठायला काही उरत नाही.

नळी मात्र काचेचीच हवी. गोठण्याची सुरुवात काचेच्या पृष्ठभागामुळे होते. प्लास्टिकमध्ये किंवा साबणानं धुतलेल्या नळीत निरोगी माणसाचं रक्तही पातळ राहू शकतं. मग गरज नसलेल्याला प्रतिविष टोचलं जातं, आणि त्याची ॲलर्जी जिवावर बेतू शकते.

मग रक्तात थेट विषच का शोधू नये? विषबाधेत मोठ्या प्रयोगशाळेत कीटकनाशक सापडतं, कारण त्याचे छोटे रेणू द्रावकानं वेगळे करता येतात. सर्पविष हे प्रथिन. तापवलं की बिघडतं, शिवाय प्रथिनांनीच भरलेल्या रक्तात मिसळलेलं. त्याला धरायला प्रतिपिंड लागतात. ‘एलायझा’ चाचणी तेच करते. ऑस्ट्रेलियात या तत्त्वावरचा संच रुग्णालयांत अनेक वर्षं वापरला गेला. दुसरी वाट विषाच्या घटकांचाच शोध घेण्याची : प्रथिनांचे ट्रिप्सिननं तुकडे करायचे आणि मास स्पेक्ट्रोमीटरवर त्यांची वजनं पाहून ती ओळखायची. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत कार्तिक सुनगर यांच्या गटानं अशा विश्लेषणातून दाखवलं, की एकाच जातीच्या सापाचं विष प्रदेशागणिक बदलतं. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांसाठी एकच प्रतिविष वापरणाऱ्या देशाला ही गोष्ट फार मोलाची आहे. 2000 ते 2019 या काळात भारतात सर्पदंशानं सुमारे 12 लाख माणसं गेल्याचा अंदाज आहे.

नळीची मर्यादाही मोठी. नाग आणि मण्यार यांचं विष मज्जातंतूंवर हल्ला करतं, त्यामुळे रक्त व्यवस्थित गोठतं. मण्यारीचा दंश तर रात्री झोपेत, फारसा न दुखता होतो. तिथं रुग्णाच्या पापण्या मिटू लागल्यात का, गिळायला त्रास होतोय का, श्वास कसा चाललाय, हे डॉक्टरांनी वारंवार पाहावं लागतं. घोणशीच्या संशयातही पहिल्या नळीत रक्त गोठलं म्हणून रुग्णाला घरी पाठवत नाहीत. पहिले तीन तास दर तासाला आणि पुढं चोवीस तासांपर्यंत दर सहा तासांनी नवी नळी लावतात.