डाव्या हातातील थ्रॉटल : पूरबचाव बोटीच्या चालकाचे कौशल्य-संक्रमण
(विशेष संदर्भ : जालना जिल्हा)

प्रस्तावना :

जालना जिल्ह्याला समुद्र नाही. तरीही यंत्रचलित बोट हा विषय या जिल्ह्याला परका नाही. जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून गोदावरी वाहते आणि अंबड, घनसावंगी व परतूर या तालुक्यांतील नदीकाठची गावे पैठणच्या जायकवाडी धरणाच्या खालच्या अंगाला येतात. १९७६ साली उद्घाटन झालेल्या या धरणाच्या सत्तावीस दरवाजांतून मोठा विसर्ग सुरू झाला की शहागडपासून खालच्या पट्ट्यात चिंता पसरते. ऑगस्ट २००६ मध्ये आणि पुन्हा सप्टेंबर २०२५ मध्ये गोदाकाठाने हा अनुभव घेतला. अशा वेळी पाण्यात उतरते ती मागच्या फळीवर आउटबोर्ड इंजिन बसविलेली रबरी बोट. ती हाकणारा मनुष्य बहुधा मोटारसायकलवर वाढलेला असतो. ‘रेस’ देणे म्हणजे उजवी मूठ पिळणे, हे त्याच्या मनगटाला पाठ असते. बोटीत मात्र ती मूठ डाव्या हातात येते. या बदलाचे स्वरूप काय आणि त्यातील धोका नेमका कोठे आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

रचना व तिची कारणे :

वेगवान क्रीडाबोटींमध्ये चाकासारखे सुकाणू असते व थ्रॉटलचा दांडा बाजूला असतो. चालकाचे आसन कोणत्या बाजूस आहे यावर तो कोणत्या हाताशी येणार हे अवलंबून राहते. समुद्रातील शर्यतींच्या मोठ्या बोटींत तर एकाने सुकाणू धरावयाचे व दुसऱ्याने केवळ थ्रॉटल सांभाळावयाचे, अशी श्रमविभागणीही आढळते. बचावाच्या लहान बोटीत ही चैन नाही. इंजिनातून पुढे आलेला एकच दांडा सुकाणूचेही काम करतो आणि त्याच्या टोकाची मूठ पिळून वेगही कमीअधिक केला जातो. चालक बोटीच्या मागील भागात उजव्या कडेला बसतो, म्हणून दांडा डाव्या हाती येतो आणि उजवा हात कडेचा दोर धरण्यास मोकळा राहतो. जलमार्गाच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार मार्ग छेदणाऱ्या दोन यंत्रनौकांपैकी उजवीकडून येणारीला वाट द्यावी लागते. उजव्या कडेला बसलेल्यास ती बाजू अडथळ्याविना दिसते, हा आणखी एक लाभ. इंग्रजीत नौकेच्या उजव्या बाजूचे ‘स्टारबोर्ड’ हे नाव ‘सुकाणूची बाजू’ या अर्थाच्या जुन्या शब्दापासून आले आहे. त्या काळी सुकाणूचे वल्हे उजव्या अंगाला असे. आज बसण्याची जागा उजवीकडेच राहिली, हात मात्र बदलला.

शिकलेल्या हाताचा अडथळा :

डावा हात दुर्बल असतो म्हणून हे काम अवघड जाते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती पुरेशी नाही. एका हाताला दिलेल्या सरावाचा लाभ दुसऱ्या हातालाही काही प्रमाणात मिळतो, हे स्क्रिप्चर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १८९४ मध्येच प्रयोगांती दाखविले होते. खरी अडचण हालचालीच्या अर्थाची आहे. मोटारसायकलची मूठ सैल सोडली की स्प्रिंगमुळे आपोआप मागे फिरते व वेग उतरतो. आउटबोर्डच्या बहुतेक मुठी जेथे ठेवाव्यात तेथेच राहतात. त्यांची पकड कमीअधिक करणारा स्क्रूही असतो. हात सोडला तरी इंजिन धावतच राहते. या एका बाबतीत ट्रॅक्टरचा हातथ्रॉटल वापरलेला शेतकरी मोटारसायकलस्वाराच्या पुढे असतो. जुनी ऑटोरिक्षा चालविलेल्याची अडचण वेगळीच : त्याच्या डाव्या मुठीला गिअर बदलण्याची सवय.

दुसरी बाब दिशेची. दांडा डावीकडे ढकलला की बोटीचे तोंड उजवीकडे वळते आणि बोटीचा मागचा भाग विरुद्ध अंगास झुकतो. हँडलवर रुळलेल्या हाताला हे उलटे वाटते. यातील प्रत्येक गोष्ट सुटी शिकणे कठीण नाही. पण येथे वळण आणि वेग एकाच मुठीत असल्याने एक चूक दुसरीला ओढून आणते. बोटीला ब्रेक नाही, हेही ध्यानात घ्यावे लागते.

विमानविद्येतही याचा पडताळा मिळतो. लढाऊ विमानात थ्रॉटल डाव्या हाती असतो. दुसऱ्या महायुद्धातील स्पिटफायर विमानात चाके वर घेण्याचा दांडा उजवीकडे होता. त्यामुळे उड्डाण होताच वैमानिकाला हात बदलावा लागे आणि नवख्याचे विमान त्या क्षणी वरखाली हेलकावे खाई.

फिट्स व पोस्नर यांनी १९६७ मध्ये कौशल्यार्जनाच्या तीन अवस्था सांगितल्या : समजून करणे, जुळवून घेणे आणि विचाराविना घडणे. तिसरी अवस्था गाठण्यापूर्वी चालकाला पुरात पाठविले, तर घाबरलेल्या क्षणी जुनी सवय डोके वर काढते. तोल जाऊन चालक पाण्यात पडल्यास दांडा एका अंगाला कलतो, वेग तसाच राहतो आणि मोकळी बोट गोल फिरत त्याच्याच अंगावर येऊ शकते. इंजिन बंद करणारी दोरी मनगटाला किंवा लाइफ जॅकेटला अडकविण्याचा आग्रह याचसाठी असतो. ‘हात अडकतो’ म्हणून ती काढून ठेवणे ही सर्वांत महागडी सोय होय.

सरावाची दिशा :

८ ऑगस्ट २०१९ रोजी सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळ येथे पूरग्रस्तांना नेणारी बोट उलटून अनेकांचे प्राण गेले. त्या दुर्घटनेचा संबंध मुठीशी जोडणे योग्य नव्हे. परंतु भरलेल्या बोटीत चुकीला किती कमी जागा असते, हे तिने दाखवून दिले. म्हणूनच सराव पावसाळ्यापूर्वी, संथ पाण्यात व रिकाम्या बोटीने सुरू व्हावा. प्रथम इंजिन बंद ठेवून केवळ दांड्याची दिशा, नंतर अत्यल्प वेगात तरंगत्या खुणांभोवती इंग्रजी आठाचा फेरा आणि मग माणसे बसवून तोच फेरा, असा क्रम उपयुक्त ठरतो. मुठीचा स्क्रू सैल ठेवल्यास वेग झटकन उतरविता येतो. मुठीवरील वेगाच्या खुणाही प्रत्येक नव्या इंजिनावर पाहून घ्याव्या लागतात. अखेरचा सराव प्रवाहातील : पाण्याच्या विरुद्ध तोंड करून हळूहळू माणसाजवळ जाणे आणि तो हाताशी येण्यापूर्वीच मूठ पूर्ण उतरवून इंजिन न्यूट्रलमध्ये आणणे. ही शेवटची कृती डाव्या हाताने न पाहता होऊ लागेपर्यंत बोटीत दुसरा अनुभवी चालक सोबत असावा.