काचेतल्या समुद्राचे पुरुमेंत

मे महिना उतरणीला लागला की गोमंतकातील घराघरांत पुरुमेंताची लगबग सुरू होते. मीठ, मिरची, सोले, सुकी सुंगटे, खारे बांगडे यांची बेगमी झाल्याखेरीज गृहिणीला स्वस्थता लाभत नाही. १ जून ते ३१ जुलै असे एकसष्ट दिवस पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी बंद असते. म्हणून ही चाल केवळ परंपरेची नव्हे, गरजेचीही आहे. या बेगमीवर आता एक नवा हक्कदार आला आहे. हौसेने घरी खाऱ्या पाण्याची मत्स्यपेटी ठेवणारी मंडळी आपल्याकडे थोडी, पण आहेत. आणि त्यांच्या पेटीतील मासे व प्रवाळ आषाढात उपवास करीत नाहीत.

प्रजेच्या पोटाचे प्रश्न पडून असता पेटीतल्या माशांच्या पोटाची चर्चा अग्रलेखात कशाला, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, ही हौस दिसते तितकी निरुपद्रवी नाही. गोड्या पाण्यातील शोभेचे मासे बहुतांशी तळ्यांत निपजवलेले असतात. खाऱ्या पाण्यातील बहुतेक जाती मात्र आजही समुद्रातून पकडूनच बाजारात येतात. एक मेला की त्याच्या जागी दुसरा येतो, तो कुठल्या तरी प्रवाळभित्तीवरून उचललेला असतो. प्रवाळाचे मरण तर अधिकच फसवे. त्याच्या पेशींत राहणारी सूक्ष्म शैवाले प्रकाशावर अन्न तयार करून त्याला पोसतात. त्यामुळे उपासमार झाली तरी तो तत्काळ मरत नाही. महिनोन्महिने झिजत राहतो, आणि मालकाला वाटते, तो सुखात आहे. शैवालांकडून त्याला शक्ती मिळते. शरीर वाढविण्यास लागणारे नत्र आणि स्फुरद मात्र बऱ्याच अंशी भक्ष्य पकडूनच मिळवावे लागते. १९२८-२९ साली सी. एम. याँग यांच्या नेतृत्वाखाली ग्रेट बॅरियर रीफवरील लो आइल्स बेटांवर जी शास्त्रीय मोहीम गेली, तिने प्रवाळाच्या आहाराचा कसून अभ्यास केला. प्रवाळ हा पक्का मांसाहारी, वनस्पतीच्या कणांशी त्याला कर्तव्य नाही, असा याँग यांचा निष्कर्ष होता.

येथे कायद्याचीही आठवण देणे प्राप्त आहे. २००१ साली कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, समुद्रपंखे यांचा समावेश वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत झाला. ग्रँड बेटाभोवतीचा, मालवणचा किंवा विजयदुर्गासमोर दूर समुद्रात बुडालेल्या आंग्रिया बँकेवरचा प्रवाळ उचलून घरी आणणे ही हौस नव्हे, गुन्हा आहे. पेटीतला जीव कोठून आला, याचे उत्तर ज्याच्यापाशी नाही, त्याने पुढील मजकूर वाचण्याचेही कारण नाही.

ज्याच्यापाशी आहे, त्याने परदेशी गोठवलेल्या वड्यांमागे धावू नये, असे आम्हांला वाटते. त्या महाग असतात हे एक. पण बंदरापासून दुकानापर्यंत त्या किती वेळा वितळल्या आणि पुन्हा गोठल्या, हे वेष्टनावर लिहिलेले नसते. आपल्या बाजारात सकाळच्या पाटीत याहून सरस माल असतो. ताजा जवळा मिळाला तर सोन्याहून पिवळे: कवच, अंडी, आतडी यांसह अख्खा प्राणी, आणि आकारही लहान माशाच्या तोंडात मावणारा. त्याशिवाय कवचासकट कोळंबी, माणकी, तिसऱ्या, कालवे, थोडी गाभोळी. कोळंबीच्या कवचातील रंगद्रव्याने माशांचा तांबूसपणा टिकतो. बांगडा, तारली यांत मेदाम्ले उत्तम असली तरी तेलाचा तवंग पाण्यावर धरतो, ती चवीपुरतीच. एकाच पदार्थावर भिस्त मात्र ठेवू नये. काही शिंपल्यांत व काही माशांत ब-१ जीवनसत्त्वाचा नाश करणारे द्रव्य असते, आणि ते गोठवल्याने मरत नाही. इंग्रजीत ज्याला सर्जनफिश म्हणतात तो मासा आणि त्याचे शाकाहारी भाईबंद यांच्यासाठी मसाला न लावलेली जपानी नोरी चुरून घालावी. ती ज्या पोर्फायरा वर्गातील शैवालापासून होते, त्याच वर्गातील एक जात पावसाळ्यात आपल्या कोकणच्या खडकांवरही उगवते, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

खरेदीत चोखंदळपणा हवा. कारखान्यात सोलून गोठवलेली कोळंबी पाणी धरून राहावी म्हणून पुष्कळदा फॉस्फेटच्या द्रावणात बुडवलेली असते. ती पेटीत गेली की प्रवाळ खंगतो व शेवाळ माजते. २०१८ च्या जुलैत फॉर्मेलिनच्या संशयावरून गोव्यात बाहेरील मासळीवर तात्पुरती बंदी आली, तो प्रसंग वाचक विसरले नसतील. रापणीची, डोळ्यांदेखत उतरलेली मासळी म्हणूनच श्रेष्ठ. तिसऱ्या रात्रभर स्वच्छ खाऱ्या पाण्यात ठेवून वाळू ओकू द्यावी. गटाराच्या मुखाजवळच्या तर घेऊच नयेत. माणकीचे पोट काढून टाकावे, कारण तिच्या यकृतात तांबे व कॅडमियम साठते, आणि तांबे हे प्रवाळाला विषच.

कृती सोपी. सारे कच्चेच घ्यावे, शिजवू नये. स्वच्छ पाण्यात झटकन धुऊन, अर्धवट गोठवून मिक्सरमध्ये थांबत थांबत फिरवावे. सलग फिरवल्यास खिमा न होता लगदा होतो. चहाच्या गाळणीतून उतरेल तो अंश प्रवाळांचा, वर राहील तो माशांचा. पिशवीत अर्धा सेंटिमीटर जाडीचा थर पसरून, हवा काढून, तारीख घालून उणे १८ अंशांवर ठेवावा म्हणजे हवा तेवढा तुकडा मोडून घेता येतो. माशाचे तेल गोठूनही हळूहळू खवटतेच. तेव्हा मेअखेरचा साठा ऑगस्टमध्ये संपवावा. आपल्याकडे पावसात वीज तासन् तास जाते. त्यात वितळलेला माल पुन्हा गोठवण्याचा मोह आवरावा.

परंतु खरी परीक्षा घालण्याच्या वेळी होते. पाच ग्रॅम कोळंबीत सुमारे एक ग्रॅम प्रथिन असते. तिच्यातील सर्व नत्राचे नायट्रेट झाले, तर शंभर लिटरच्या पेटीत दर लिटरला सात मिलिग्रॅमची भर पडते; भित्तीवरच्या निर्मळ पाण्यात हे प्रमाण सामान्यतः एका मिलिग्रॅमच्याही आत असते. समुद्र पोटात घेतो, काचेची पेटी घेत नाही. म्हणून तुकडा पेटीच्याच पाण्यात वितळवावा, वरचे पाणी गाळून टाकावे, माशांना दोन मिनिटांत संपेल एवढेच द्यावे. प्रवाळांना आठवड्यातून दोनदा, दिवे मालवल्यानंतर, पाण्याचा झोत दहा-पंधरा मिनिटे थांबवून द्यावे. समुद्रातही सूक्ष्म जीव रात्रीच वर येतात आणि प्रवाळ आपली शुंडके तेव्हाच पसरतो. पाहुण्यांना दाखविण्यासाठी दिवसातून चार वेळा मूठ रिकामी करणाऱ्याने पेटीऐवजी तसबीर टांगावी.

उरते ते सांडपाणी. कोळंबीतील पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाचा विषाणू गोठवल्याने मरत नाही. १९९४ पासून या रोगाने भारतातील कोळंबी शेतीची दैना केली. २०१६ साली ऑस्ट्रेलियातील लोगन नदीकाठच्या शेतांत तो उद्भवला, तेव्हा आमिष म्हणून वापरलेल्या आयात कोळंबीवर संशय गेला. आपल्या खाजनांतील मानशी आणि तळी खाडीच्या पाण्यावर जगतात. तेव्हा मासळी धुतलेले पाणी, कवचे आणि पेटीतून उपसलेले पाणी खाडीत वा ओहोळात ओतू नये. पाणी संडासात सोडावे, कवचे बांधून कचऱ्यात द्यावीत. मत्स्योद्योग खात्याने एवढी सूचना तरी शोभेच्या माशांच्या प्रत्येक दुकानात, मराठीत आणि कोंकणीत, लावून घ्यावी. त्यासाठी नवा कायदा लागत नाही.