फुलं कोमेजत नाहीत, पण मळतात!

ताजी फुलं आणायला वेळ नाही आणि आणलीच तर पाणी बदलायला वेळ नाही. मग घरात येतात कृत्रिम किंवा सुकवलेली फुलं. पण एकदा आणून ठेवली की संपलं, असं नसतं बरं का!

शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसमधून येताना स्टेशनबाहेरून निशिगंधाच्या सहा काड्या घ्यायच्या. शनिवार-रविवार घर नुसतं घमघमतं. सोमवारपासून पुन्हा तीच लोकल, तेच मीटिंग्ज, रात्री साडेनऊला घरी. फ्लॉवरपॉटकडे बघायला कुणाला फुरसत नाही. आणि गुरुवारी दार उघडल्या उघडल्या जो वास येतो, तो निशिगंधाचा नसतो!

हा अनुभव तीन-चारदा घेतल्यावर मी तेच केलं, जे सगळे करतात. क्रॉफर्ड मार्केटच्या आजूबाजूच्या गल्ल्यांतून पिशवीभर कृत्रिम फुलं आणली. गुलाब, लिली, सूर्यफूल, जे दिसलं ते. टीव्हीशेजारी गुलाब, डायनिंग टेबलावर लिली, बाथरूममध्ये सूर्यफूल. एकदम खूश! आठ महिन्यांनी दिवाळीला आई राहायला आली. तिने गुलाबाच्या पाकळीवरून बोट फिरवलं, ते माझ्यासमोर धरलं आणि म्हणाली, ''अगं, ही फुलं शोभेला ठेवलीयस की धूळ साठवायला?''

त्या दिवशी एक गोष्ट डोक्यात पक्की बसली. ताज्या फुलांच्या बाबतीत झालेली चूक चार दिवसांत कचऱ्यात जाते. न कोमेजणारं फूल चुकीचं निवडलं, तर ती चूक वर्षानुवर्षं आपल्यासमोर बसून राहते. म्हणून अशी फुलं थोडीच घ्यायची, पण बघून घ्यायची आणि सांभाळायची.

'सिल्क' म्हणजे रेशीम नव्हे!

दुकानात 'सिल्क फ्लॉवर' मागितलं तर जे मिळतं, ते बहुतेक वेळा पॉलिएस्टर असतं. रेशमाचं फक्त नाव उरलंय. साधारण तीन प्रकार समोर येतात. साच्यातून काढलेली प्लास्टिकची फुलं स्वस्त आणि धुवायला सोपी. कापडी फुलं दिसायला मऊ, पण धूळ पटकन धरतात. तिसरी 'रिअल टच'. यांच्या पाकळीवर लेटेक्स किंवा तशाच मऊ पदार्थाचा थर असतो, त्यामुळे हाताला ती गारेगार, खऱ्यासारखी लागतात. अर्थात, महागही तीच.

घेताना फुलाआधी पान बघा. नक्कल उघडी पडते ती पानात. सगळी पानं एकाच हिरव्या रंगाची, चकचकीत आणि कडेला साच्याची रेघ असेल तर ते फूल खाली ठेवा. पानाला शिरा हव्यात, खालची बाजू थोडी फिकट हवी. मग देठ वाकवून बघा. आत तार असेल तर हवा तसा आकार देता येतो. पाकळीवर गोंदाचे दवबिंदू चिकटवले असतील, तर सरळ पुढच्या दुकानात जा. नव्वदच्या दशकात प्रत्येक शोकेसमध्ये ते होते, तेवढे पुरे झाले!

पुण्यात असाल तर रविवार पेठेतल्या बोहरी आळीत एक चक्कर मारा. पण गणपती-दिवाळीच्या गर्दीत नको, एरवी जा. दुकानदाराला वेळ असतो आणि आपल्यालाही एकेक काडी हातात घेऊन बघता येते.

प्लास्टिक नकोच असेल तर 'सोला वूड'ची फुलं शोधा. नावात वूड असलं तरी हे लाकूड नव्हे. शोला नावाच्या पाणवनस्पतीचा हा हलका, पांढरा गाभा. बंगालमध्ये दुर्गापूजेची सजावट आणि नवरदेवाचा टोपर याच्यापासूनच बनतो. या पांढऱ्या फुलांना कागदासारखा मऊ, मॅट लूक असतो. फक्त त्यांना पाणी लागू द्यायचं नाही.

वाळलेली फुलं घरात?

''वाळकी फुलं घरात ठेवू नयेत,'' असं आजी म्हणायची. पण तीच आजी नवान्न पौर्णिमेला भाताच्या लोंब्या दाराला बांधायची आणि त्या वाळल्या तरी काढू द्यायची नाही! म्हणजे ड्राय अरेंजमेंटचा फंडा आपल्याकडे नवा नाही. पाम्पास गवत मागवण्याआधी भाताच्या लोंब्या, ज्वारी-बाजरीची कणसं, कमळाची वाळकी बोंडं यांच्याकडे एकदा बघा. मातीच्या मडक्यात ती झकास दिसतात.

घरी फुलं सुकवणं अगदी सोपं आहे. जिप्सोफिला, स्टॅटिस किंवा गुलाबाच्या काड्यांची लहान जुडी बांधा आणि अंधाऱ्या, हवेशीर जागी उलटी टांगा. दोन-तीन आठवड्यांत काम होतं. उलटी टांगायची ती देठ सरळ राहावा म्हणून आणि अंधार हवा तो रंग टिकावा म्हणून. लाल गुलाब मात्र वाळल्यावर काळपट मरून होतो, हे आधीच लक्षात घ्या.

फुलाचा आकार जसाच्या तसा हवा असेल तर सिलिका जेल वापरा. हवाबंद डब्यात तळाला थर द्या, त्यावर फूल ठेवा आणि पाकळ्यांच्या मधे जाईल असं बारीक जेल हळूहळू ओता. चार ते सात दिवसांत फूल तयार होतं. झेंडू आणि गुलाब यात छान निघतात. निळं, ओलाव्याने गुलाबी होणारं जेल मात्र टाळा. त्या रंगात बहुधा कोबाल्ट क्लोराइड असतं आणि ते विषारी आहे. पांढरं घ्या आणि तेही लहान मुलांपासून दूर ठेवा.

पानांसाठी ग्लिसरीन. एक भाग ग्लिसरीन, दोन भाग कोमट पाणी, त्यात ताजी फांदी उभी करा. दोन-तीन आठवड्यांत पानं तपकिरी होतात, पण कुरकुरीत न होता लवचिक राहतात. हे सगळे उद्योग हिवाळ्यात किंवा उन्हाळ्यात करायचे. पावसाळ्यात मुंबईच्या हवेत फूल सुकायच्या आधी बुरशीच येते!

मांडा, पण मोजकं

मांडणीचा जुना नियम आजही उपयोगी पडतो. सजावटीची उंची भांड्याच्या साधारण दीडपट ठेवायची आणि काड्या तीन, पाच अशा विषम संख्येत. सगळ्या एकाच उंचीच्या नकोत. पक्कडीने देठ कापा, एखादी काडी बाहेर झुकू द्या, एखादं फूल भिंतीकडे वळू द्या. बागेतली फुलं कधी शाळेच्या प्रार्थनेसारखी रांगेत उभी असतात का?

काचेचं पारदर्शक भांडं कृत्रिम फुलांचं बिंग फोडतं, कारण प्लास्टिकचा देठ आरपार दिसतो. त्यापेक्षा माळ्यावर पडलेला पितळी तांब्या किंवा आईची लोणच्याची चिनी मातीची बरणी काढा. आत वाळू भरली की काड्या हलत नाहीत.

जागा निवडताना तीन ठिकाणं टाळा: खिडकीतलं थेट ऊन, एसीचा झोत आणि गॅसची शेगडी. उन्हाने रंग उडतो, एसीच्या झोताने सुकलेली फुलं झडतात आणि शेगडीजवळ तेलकट थर बसून त्यावर धूळ चिकटते. पणती, समई, उदबत्ती यांच्याजवळ तर अजिबात नको. वाळकी फुलं झटकन पेट घेतात आणि पॉलिएस्टर वितळून टपकतं. ऑफिसच्या डेस्कवर एकच काडी पुरे. मॉनिटरभोवती जंगल केलं तर अप्रेझलच्या वेळी बॉस तेच लक्षात ठेवेल!

आंघोळ घाला!

आता आईचं बोट आठवा. आठवड्यातून एकदा रंगवायच्या मऊ ब्रशने धूळ झटका. महिन्यातून एकदा हेअर ड्रायर गार हवेवर ठेवून बाल्कनीत फुलांवरून फिरवा. प्लास्टिकची फुलं कोमट पाण्यात दोन थेंब लिक्विड सोप घालून धुवा आणि उलटी टांगून वाळवा. कापडी फुलं कागदी पिशवीत टाका, मूठभर जाडं मीठ घाला आणि पिशवीचं तोंड धरून हलवा. मिठाला धूळ चिकटते आणि फुलं चक्क उजळतात.

सुकलेल्या फुलांना पाण्याचा थेंबही नको. जून उजाडला की त्यांना सिलिका जेलच्या पुड्यांसकट डब्यात बंद करा आणि दसऱ्याला बाहेर काढा. तेवढे महिने टेबल रिकामं राहू द्या. नाहीतरी एकच सजावट सतत समोर असली की आपण तिच्याकडे बघायचंच सोडून देतो.

खऱ्या फुलांचा वाटा

आणखी एक गोष्ट. थर्माकोलच्या मखरांवर २०१८ मध्ये बंदी आली आणि त्यांच्या जागी प्लास्टिक फुलांचे पॅनेल दिसू लागले. एका सणापुरते आणायचे आणि फेकायचे! याचा फटका मावळात पॉलीहाउसमध्ये जरबेरा घेणाऱ्यांना आणि झेंडूच्या शेतकऱ्यांना बसतो. कृत्रिम फुलांवर बंदीची मागणी २०२५च्या जुलैमध्ये विधानसभेतही पोहोचली.

मी माझ्यापुरता हिशेब असा मांडलाय. रोजच्या कोपऱ्यासाठी कृत्रिम किंवा सुकवलेली फुलं, तीही पाच-सात वर्षं टिकवायच्या बोलीवर. पण सण, पूजा, वाढदिवस आणि डोक्यातला गजरा, तिथे खरं फूलच. त्या दिवशी पाणी बदलायला आपण घरी असतोच की!

पुढच्या दिवाळीत आई पुन्हा आली. पिशवीभर फुलांतल्या आता पाचच काड्या उरल्यात, पितळी तांब्यात. तिने बोट फिरवलं, बघितलं आणि काही न बोलता चहा टाकायला गेली. आमच्याकडे याला शाबासकी म्हणतात!

चटकन लक्षात ठेवा
* आधी जागा ठरवा, मग फूल घ्या.
* पान नीट बघा, देठ वाकवून बघा.
* कृत्रिम फुलांवर अत्तर शिंपडू नका, डाग पडतात.
* सुकलेली फुलं पावसाळ्यात डब्यात.
* रंग उडालेलं फूल काढून टाका. एका फिक्या फुलाने सगळी मांडणी जुनी दिसते.