पणजीचे माहेर कागदांत शोधताना

हिंगण्याच्या विधवांसाठीच्या आश्रमाच्या इतिहासात दोन स्त्रियांची नावे ठळकपणे येतात. एक आनंदीबाई कर्वे, म्हणजे बाया, आणि दुसऱ्या पार्वतीबाई आठवले. नुसत्या नावांवरून या दोघी सख्ख्या बहिणी असतील असे कोणाच्या मनातही येणार नाही. दोघी देवरुखच्या जोशांच्या लेकी. बाया माहेरी गोदू होती. लग्न होऊन ती नातू झाली आणि आठव्या वर्षी विधवा झाली. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकून 1893 मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाल्यावर ती आनंदी कर्वे झाली. धाकटी बहीण आठवल्यांची सून झाली, विधवा झाली आणि त्याच आडनावाने आयुष्यभर आश्रमासाठी फिरली. दोघींच्या वाट्याला मिळून तीन सासरची आडनावे आली, पण रूढ झालेल्या नावांत 'जोशी' कुठेच उरले नाही. दोघींनी आत्मचरित्रे लिहिली म्हणून हा गुंता आज उलगडतो. 'माझे पुराण' किंवा 'माझी कहाणी' लिहून न ठेवणाऱ्या पणज्यांचे काय?

बहुतेक घरांतल्या वंशावळीत पणजोबांच्या नावापुढे कंसात 'पत्नी लक्ष्मी' एवढेच असते. कुठली लक्ष्मी, कोणाची मुलगी, लग्नाआधी तिला काय हाक मारत, याचा पत्ता नाही. महाराष्ट्रात ही अडचण दुहेरी आहे. आडनाव तर बदलतेच, पण अनेक घरांत लग्नात मुलीचे नावही बदलत. महादेव गोविंद रानड्यांच्या पत्नी रमाबाई या माहेरच्या यमुना कुर्लेकर. डॉ. आनंदीबाई जोशी याही माहेरच्या यमुनाच, आणि त्यांचे माहेरचे आडनावही जोशीच. सासर-माहेरचे आडनाव एकच असले की शोध घेणारा हमखास चकतो.

तरीही एक गोष्ट शोधणाऱ्याच्या बाजूने असते. ज्या पणजीला अकाली वैधव्य आले, तिचा माग सवाष्ण पणजीपेक्षा जास्त लागतो. नवरा हयात असेपर्यंत जमीन, कर्ज, खटला, दाखला सगळे त्याच्या नावावर. तो गेला की तलाठ्यापासून कोर्टाच्या कारकुनापर्यंत सगळ्यांना तिचे नाव लिहावेच लागे. तिच्यावर कोसळलेल्या संकटानेच तिला कागदावर आणले, हे वाचायला बरे वाटत नाही, पण खरे आहे. तिचे माहेर मात्र मुख्य मजकुरात क्वचितच सापडते. ते कागदाच्या कडेला असते, साक्षीदाराच्या सहीत, अज्ञान मुलांच्या पालकात, जामीनदाराच्या नावात.

पहिली जागा फेरफाराची वही. मुंबई इलाख्यात हक्कनोंदीचा कायदा 1903 चा. नवरा वारला की वारसाची नोंद होई, आणि मुले लहान असली तर त्यांच्या नावापुढे 'अ.पा.क.', म्हणजे अज्ञान पालनकर्ता, असे लिहून आईचे नाव येई. या जुन्या कागदांत बाई 'सरस्वती कोम रामचंद्र' किंवा 'सरस्वती मर्द रामचंद्र' अशी भेटते. दोन्हींचा अर्थ रामचंद्राची बायको. 'बिन' किंवा 'वलद' आले तर बापाचे नाव समजावे. 'कोम'पुढचे नाव बापाचे समजून भलत्याच घराण्याचा माग काढणारे अनेक जण असतात. नावामागे 'गं. भा.' असेल तर तो कागद नवऱ्याच्या मृत्यूनंतरचा, एवढा काळाचा अंदाजही मिळतो. बालविधवा स्वतःच अज्ञान असेल, तर पालनकर्ता म्हणून तिचा बाप किंवा भाऊ दिसण्याची शक्यता असते. तसे झाले तर शोध तिथेच संपला.

फेरफारापेक्षा खरेदीखत अधिक बोलके. जुन्या हिंदू कायद्यात निपुत्रिक विधवेला नवऱ्याच्या विभक्त मिळकतीवर मर्यादित हक्क असे. ती जमीन कायमची विकायची तर 'कायदेशीर गरज' दाखवावी लागे, नाहीतर तिच्या पश्चात नवऱ्याचे भाऊबंद खरेदी रद्द करून घेऊ शकत. त्यामुळे घेणारा दस्तात सगळे कारण लिहवून घेई. नवऱ्याचे कर्ज, त्याची उत्तरक्रिया, मुलीचे लग्न, काशीयात्रा. एका दस्तात बाईच्या आयुष्याची दहा वर्षे सापडू शकतात. सासरचे लोक संमतीदार म्हणून येतात. वेगळ्या आडनावाचा, वेगळ्या गावचा साक्षीदार दिसला की थांबावे. विधवेच्या व्यवहारात तिचा भाऊ पाठीशी उभा राहणे अगदी स्वाभाविक होते. दत्तकपत्र आणि अन्नवस्त्राचा दावा हे कागदही याच नजरेने वाचावेत.

शोध उलट्या दिशेनेही करता येतो. मुंबई इलाख्यातल्या हिंदू कायद्यानुसार बापाला मुलगा नसेल, तर मुलीला वारशाने आलेली मिळकत पूर्ण मालकीची होई. तेव्हा आसपासच्या एखाद्या गावच्या फेरफारात, भलत्याच आडनावाच्या खातेदाराची वारस म्हणून आपलीच पणजी उभी असू शकते. 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यातही हा धागा टिकून आहे. मूलबाळ नसलेल्या स्त्रीला आईबापांकडून आलेली मिळकत तिच्या बापाच्या वारसांकडे जाते आणि सासरहून आलेली नवऱ्याच्या वारसांकडे. अशा वाटणीची नोंद हाती लागली तर दोन्ही घराणी एकाच पानावर मिळतात.

शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर हा सर्वांत दुर्लक्षित कागद. बापाविना पोरे आजोळी वाढत, हे मराठी घरांत इतके सर्रास होते की आजोबा 'मामाकडे शिकले' हे वाक्य ऐकले नाही असे घर विरळा. मग त्या मामाच्या गावच्या शाळेत जावे. पालकाच्या रकान्यात मामाचे नाव आणि आडनाव असेल तर तेच पणजीचे माहेर. अलीकडे मराठा आरक्षणासाठी झालेल्या कुणबी नोंदींच्या शोधामुळे कोतवाल बुक, जन्म-मृत्यूचा नमुना 14, शाळेचे जनरल रजिस्टर ही नावे गावोगाव तोंडी झाली आणि मोडी वाचणाऱ्यांना एकदम भाव आला. त्या सगळ्या धावपळीत लोक बापाच्या बापाला शोधत होते. त्याच वह्यांत आजीच्या आईचाही पत्ता असू शकतो, याकडे फारसे कोणी पाहिले नाही.

आता धार्मिक कागद. श्राद्धात बाप, आजोबा, पणजोबा यांच्याबरोबर आईचे वडील, आजोबा आणि पणजोबा यांचाही उच्चार होतो. म्हणजे आजोबांच्या हाताने होणाऱ्या श्राद्धात मातामह म्हणून ज्याचे नाव घेतले जाई, तो पणजीचा बाप. अनेक घरांत महालयासाठी भटजींनी लिहून दिलेली पितरांची यादी पोथीत घडी घालून ठेवलेली असते, आणि पितृपक्ष सरला की पुन्हा कोणी ती उघडत नाही. तिच्यात तीन पिढ्यांची नावे व गोत्र मिळते, पण संकल्पात आडनाव उच्चारत नाहीत. ती त्रयी आणि गोत्र घेऊन मग कुलवृत्तांतांकडे जावे लागते. कुलवृत्तांतांत बहुधा सुनेचे माहेर, तिच्या वडिलांचे नाव आणि गाव दिलेले असते. ही सोय मुख्यतः ब्राह्मण घराण्यांची. कोल्हापूर-सांगलीकडे इतर अनेक समाजांची पिढ्यान्‌पिढ्यांची माहिती हेळवी सांभाळतात. ते दारात आले की त्यांना लेकीसुनांच्या माहेराबद्दलही मुद्दाम विचारावे.

नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, गोकर्ण आणि गया-काशीच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या तर प्रसिद्धच आहेत. विधवा बाई नवऱ्याच्या अस्थी घेऊन किंवा यात्रेला म्हणून तीर्थी जाई आणि तिथे नोंद होई. उपाध्यायाला आडनावाबरोबर मूळ गाव सांगणे महत्त्वाचे, कारण वह्या बहुधा त्या हिशेबाने लावलेल्या असतात. तिथे आणखी एक उपयोग होतो. माहेरच्या आडनावाचा नुसता संशय असेल तर त्या घराण्याचे पान उघडायला सांगावे. तिचा भाऊ आपल्या भाच्याला घेऊन आला असेल तर तो तिथे भेटेल.

गोव्यात आणि वसईत वाट सोपी आहे. चर्चच्या विवाहनोंदीत वधूच्या आईवडिलांची नावे असतात, आणि पोर्तुगीज पद्धतीच्या जन्मनोंदीत आईकडचे आजी-आजोबाही लिहिलेले असतात. जनगणनेची आशा मात्र धरू नये. इंग्लंडमध्ये शंभर वर्षांनी घराघराच्या जनगणनेची पाने लोकांना खुली होतात. आपल्याकडे व्यक्तिगत तक्ते कायद्याने गोपनीय आहेत, आणि जुने तक्ते जपलेलेही नाहीत.

सरकारी आणि धार्मिक दोन्ही वाटा खुंटल्या तर माळ्यावर चढावे. मराठी लग्नांत आहेराच्या भांड्यांवर नाव कोरण्याची चाल होती. तांब्याच्या घागरीवर, पितळी डब्यावर, चांदीच्या फुलपात्रावर देणाऱ्याचे नाव, कधी नाते, कधी तारीख. 'मामाकडून', 'काकाकडून' अशी अक्षरे उजेडात तिरकी धरली की दिसतात. मोड म्हणून किलोवर भांडी विकणाऱ्या घरांनी आपली दप्तरेच मोडीत काढली, असे म्हणायला हरकत नाही. लग्नपत्रिका आणि आहेराची यादी यांचेही तेच झाले.

कागद मागताना व्यवहारी राहावे. जुने सातबारा आणि फेरफार अनेक जिल्ह्यांत स्कॅन झाले असून 'आपले अभिलेख' या शासकीय सोयीतून पाहता येतात. जे तिथे नाहीत त्यांच्यासाठी तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज करावा लागतो. जुने लिखाण मोडीत असेल तर ते वाचून घ्यावे. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्था मोडीचे वर्गही चालवतात. एका कागदावर विसंबू नये. साक्षीदार भाऊ असेल तसा शेजारीही असू शकतो. साक्षीदार, शाळेतला पालक आणि श्राद्धातला मातामह यांपैकी किमान दोन जुळले, तरच आडनाव वंशावळीत शाईने लिहावे. तोवर पेन्सिल बरी.

1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात महाराष्ट्र शासनाने आईचे नाव बंधनकारक केले आहे. नियम चांगला आहे, पण त्यात येते ते आईचे पहिले नाव. तिचे माहेरचे आडनाव लिहून ठेवण्याचे काम घरच्यांकडेच राहते. यंदा भाऊबीजेला घरातल्या सर्वांत वयस्क आत्याला तिच्या आजीचे माहेरचे नाव, आडनाव आणि गाव विचारा, आणि सांगणारीचे नाव व तारीख घालून ते वहीत उतरवून ठेवा.