‘मायनस मायनस प्लस’ नेहमीच खरं असतं का? उधारीच्या वहीतून समजून घ्या

(-३) + (-५) = किती?

अनेक जण पटकन ‘८’ म्हणतात, कारण शाळेत पाठ केलेलं ‘मायनस मायनस प्लस’ डोक्यात पक्कं बसलेलं असतं. पण बरोबर उत्तर आहे -८. मग तो नियम चुकीचा आहे का? नाही. तो गुणाकाराचा आहे, बेरजेचा नाही.

ऋण म्हणजे कर्जच!

मराठीत शून्यापेक्षा लहान संख्येला ऋण संख्या म्हणतात आणि ऋण म्हणजे कर्ज. ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्येच धन आणि ऋण यांचे नियम लिहिले होते. म्हणून बेरीज करताना फक्त व्यवहार आठवायचा.

समजा, पाचोऱ्यातल्या एका कापूस उत्पादकाकडे बियाणं-खताच्या दुकानाची ८,००० रुपये उधारी आहे. म्हणजे -८,०००.

- त्याने ५,००० भरले: (-८,०००) + ५,००० = -३,०००. चिन्हं वेगळी, म्हणून वजाबाकी करायची आणि मोठ्या रकमेचं चिन्ह द्यायचं.
- मग त्याने आणखी २,००० चं खत उधार घेतलं: (-३,०००) + (-२,०००) = -५,०००. दोन उधाऱ्या मिळून मोठी उधारी होते, नफा होत नाही. चिन्हं सारखी, म्हणून बेरीज करायची आणि तेच चिन्ह ठेवायचं.
- दुकानदाराने १,००० सोडून दिले: (-५,०००) - (-१,०००) = -४,०००. कर्ज काढून घेतलं, म्हणजे तेवढी रक्कम हातात आल्यासारखंच. कर्जमाफीचं गणितही हेच.

लहान कोण, मोठं कोण?

८ हा ३ पेक्षा मोठा, पण -८ हा -३ पेक्षा लहान. आठ हजारांचं कर्ज असलेला माणूस तीन हजारांचं कर्ज असलेल्यापेक्षा जास्त खोलात असतो. संख्यारेषेवर शून्याच्या डावीकडे जितकं लांब जाल, तितकी संख्या लहान होते.

खान्देशशी नातं काय?

पाचोऱ्याहून रेल्वेने चाळीसगाव गाठलं की जवळच पाटणादेवी आहे. तिथल्या इ.स. १२०७ च्या शिलालेखात भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ सुरू केल्याची नोंद आहे. त्या ग्रंथांपैकीच एक म्हणजे ‘बीजगणित’. त्याची सुरुवातच धन-ऋण संख्यांच्या बेरीज-वजाबाकीने होते. ऋण संख्येच्या डोक्यावर टिंब द्यायची पद्धतही त्यात सांगितली आहे.

त्यातलं एक कोडं गंमतीचं आहे. माकडांच्या टोळीच्या पाचव्या भागातून ३ वजा करून वर्ग केला, तेवढी माकडं गुहेत गेली आणि एक फांदीवर दिसलं. एकूण किती? समीकरणाची उत्तरं येतात ५० आणि ५. पण ५ घेतलं, तर पाचवा भाग १ आणि १ - ३ = -२. उणे दोन माकडं कुठली? भास्कराचार्यांनी ५ हे उत्तर बाजूला ठेवलं, कारण अशी ऋण वस्तू लोकांना पटत नाही.

म्हणजेच ऋण संख्या कर्जात चालते, माकडांत नाही. चिन्ह लावण्याआधी ‘हे कशाचं गणित आहे?’ एवढं विचारलं, तर ‘मायनस मायनस’ची निम्मी भीती तिथेच संपते.